अवयव प्रत्यारोपण आणि हिपॅटायटिस बी : पहिल्या रक्ततपासणीपासून शस्त्रक्रियेनंतरच्या गोळीपर्यंत

माझी नोकरीची बहुतेक वर्षे डायलिसिस विभागात परिचारिका म्हणून गेली आणि शेवटची काही वर्षे प्रत्यारोपणाच्या फायली लावण्यात. त्या फायलींत एक कागद हमखास सापडायचा. त्यावर ‘एचबीएसएजी : निगेटिव्ह’, म्हणजे हिपॅटायटिस बीची एक रक्ततपासणी निगेटिव्ह, असे छापलेले असे, घरच्यांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला असे आणि हिपॅटायटिस बीचा प्रश्न मिटला अशी सर्वांची समजूत झालेली असे. कागद खोटा नसतो, पण अपुरा असतो. प्रत्यारोपणातला हिपॅटायटिस बीचा धोका एका रिपोर्टवरून ठरत नाही. दात्याचे तीन रिपोर्ट, रुग्णाचे तीन रिपोर्ट, कोणता अवयव बसवायचा आहे आणि त्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी कोणती औषधे द्यायची आहेत, हे सगळे शेजारी शेजारी मांडल्यावरच तो ठरतो. ही मांडणी कशी करायची आणि कोणत्या टप्प्यावर काय विचारायचे, हे येथे क्रमाने सांगितले आहे. औषध कोणते आणि किती, हा निर्णय अर्थातच तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचा, म्हणजे किडनीतज्ज्ञांचा, किंवा यकृततज्ज्ञांचा. पण प्रश्न विचारणारा माणूस घरातलाच असावा लागतो.

विषाणू गेला म्हणजे कुठे गेला?

हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशीत शिरला की आपल्या डीएनएचे एक बंद कडे त्या पेशीच्या केंद्रकात ठेवून देतो. आजार बरा होतो, रक्तातला विषाणू दिसेनासा होतो, एचबीएसएजी निगेटिव्ह येते, पण ते कडे काही पेशींत तसेच राहते. आपली प्रतिकारशक्ती त्याच्यावर पहारा ठेवते, म्हणून तो वर्षानुवर्षे गप्प असतो. प्रत्यारोपणानंतर नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड अशी औषधे दिली जातात आणि त्यांचे कामच मुळी हा पहारा सैल करण्याचे असते. तीस वर्षांपूर्वी होऊन गेलेली कावीळ अशा वेळी पुन्हा डोके वर काढू शकते. हे एकदा नीट समजले की पुढच्या पायऱ्यांमागचे कारण वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे हा विषय केवळ पुस्तकी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग होता आणि त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ मध्ये मोजक्या ठिकाणी आली आणि देशभर पोहोचायला २०११ उजाडले. म्हणजे आज प्रत्यारोपणाच्या वयात असलेले रुग्ण आणि त्यांचे दाते जवळजवळ सगळेच लसीआधीच्या पिढीतले आहेत.

पहिली पायरी : तीन तपासण्या एकत्र मागा आणि एकत्र वाचा

एचबीएसएजी म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या कवचातले प्रथिन. बरूच ब्लमबर्ग यांना ते एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडले, म्हणून जुने डॉक्टर आणि लॅबवाले त्याला अजूनही ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात. या कामाबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल मिळाले आणि त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. ही तपासणी पॉझिटिव्ह असेल तर विषाणू आज शरीरात आहे.

दुसरी तपासणी अँटी-एचबीसी टोटल. विषाणूशी शरीराची कधीतरी खरीखुरी गाठ पडली होती का, हे ती सांगते. लस घेऊन ती पॉझिटिव्ह होत नाही आणि एकदा झाली की बहुधा जन्मभर तशीच राहते. नेमकी हीच तपासणी फायलीत नसते, कारण नेहमीच्या शस्त्रक्रियेआधीच्या पॅकेजमध्ये ती धरलेली नसते. तिसरी अँटी-एचबीएस; हा संरक्षण देणाऱ्या प्रतिपिंडांचा आकडा असून तो १० किंवा त्याहून अधिक असला तर संरक्षण आहे असे मानतात. येथे ‘पॉझिटिव्ह’ एवढ्या शब्दावर समाधान मानू नका. आकडा मागा, कारण पुढे दर वर्षी याच आकड्याशी तुलना करायची आहे.

आता एकत्र वाचन. तिन्ही निगेटिव्ह असतील तर माणूस कोरा आहे. त्याला संसर्ग झालेला नाही आणि संरक्षणही नाही. फक्त अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असेल तर ते लसीमुळे आलेले संरक्षण. अँटी-एचबीसी आणि अँटी-एचबीएस दोन्ही पॉझिटिव्ह असतील तर जुना संसर्ग होऊन गेला आहे आणि विषाणू ताब्यात आहे. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर संसर्ग चालू आहे आणि व्हायरल लोड, म्हणजे एचबीव्ही डीएनए, मोजल्याशिवाय पुढे जायचे नाही. अशा रुग्णाची हिपॅटायटिस डीचीही तपासणी करावी, कारण हा दुसरा विषाणू बीच्या आधारानेच जगतो. सर्वांत गोंधळात टाकणारा निकाल म्हणजे एकटे अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह आणि बाकी दोन्ही निगेटिव्ह. तो जुन्या संसर्गाचा असू शकतो, ताज्या संसर्गाच्या मधल्या काळातला असू शकतो, यकृतात लपून राहिलेल्या विषाणूचा असू शकतो किंवा निव्वळ चुकीचा असू शकतो. तेथे आयजीएम प्रकारची, म्हणजे ताजा संसर्ग दाखवणारी, अँटी-एचबीसी आणि डीएनए या दोन तपासण्या जोडल्याशिवाय अर्थ लागत नाही.

काही फसवे प्रसंगही सांगून ठेवते. लसीचा डोस घेतल्यावर दोन-तीन आठवडे एचबीएसएजी तात्पुरती पॉझिटिव्ह दिसू शकते, कारण लस त्याच प्रथिनाची बनवलेली असते. म्हणून डोस आणि तपासणी यांत महिनाभराचे अंतर ठेवावे. इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) किंवा रक्त चढवल्यानंतर दुसऱ्याची प्रतिपिंडे काही काळ रुग्णाच्या रक्तात फिरतात आणि अँटी-एचबीसी खोटीच पॉझिटिव्ह येते. आणि पट्टीवरची कार्ड टेस्ट ही घाईच्या वेळेची सोय आहे. प्रत्यारोपणाच्या फायलीत एलायझा किंवा त्याहून चांगल्या पद्धतीचा रिपोर्टच असावा.

दुसरी पायरी : वाट पाहण्याच्या काळात लस

किडनीच्या रुग्णाच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, आणि सर्वांत जास्त हेळसांडही हिचीच होते. गोव्यातल्या काणकोणसारख्या तालुक्यात मूत्रपिंडाच्या विकाराची चर्चा बरीच वर्षे चालू आहे. तेथील माणसे क्रिएटिनीन, म्हणजे किडनीचे काम दाखवणारा रक्तातला आकडा, तोंडपाठ सांगतात, पण लसीचे किती डोस झाले ते विचारले की घरच्यांकडे बघतात.

निरोगी माणसाला तीन डोस पुरतात : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. किडनी निकामी झालेल्या माणसाचे शरीर लसीला तितका चांगला प्रतिसाद देत नाही. म्हणून डायलिसिसवरच्या प्रौढाला साधारणपणे दुप्पट मात्रा, म्हणजे ४० मायक्रोग्रॅम, चार वेळा देतात : सुरुवातीला, एक महिन्याने, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. इंजेक्शन दंडाच्या वरच्या स्नायूत द्यायचे. कुल्ल्यात दिले तर परिणाम कमी होतो. फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी तयार केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, असलेला हात अर्थातच टाळायचा. शक्य असेल तर डायलिसिस सुरू होण्याची वाट न पाहता, किडनीचा आजार निदानात आला की लगेच मालिका सुरू करावी, कारण आजार जितका पुढे जातो तितका लसीचा प्रतिसाद घटत जातो.

शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस मोजायचे असते आणि माझी स्वतःची चूक येथेच झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात वाळपईकडच्या एका रुग्णाच्या कार्डावर मी चारही डोसांपुढे बरोबरच्या खुणा केल्या आणि ‘लसीकरण पूर्ण’ असा शेरा लिहून मोकळी झाले. आकडा मोजायला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नाही. वर्षभराने प्रत्यारोपणाची तयारी सुरू झाली तेव्हा आकडा २ निघाला. चार इंजेक्शने घेऊनही तो माणूस जवळजवळ कोराच होता, आणि दुसरी मालिका पूर्ण होईपर्यंत त्याची शस्त्रक्रिया लांबली. तेव्हापासून मी खुणेच्या पुढे आकड्याची एक रिकामी चौकट आखून ठेवायचे. ती भरली नाही तोवर ‘पूर्ण’ हा शब्द लिहायचा नाही.

आकडा १० च्या खाली आला तर पूर्ण मालिका पुन्हा एकदा देतात आणि तरीही आला नाही तर त्वचेच्या आत लस देण्याचा पर्याय काही ठिकाणी वापरतात. आकडा आला तरी डायलिसिसवर तो उतरत जातो, म्हणून दर वर्षी मोजणे आणि १० च्या खाली गेल्यास बूस्टर घेणे हे चालू ठेवावे लागते. डायलिसिस केंद्र निवडताना एचबीएसएजी पॉझिटिव्ह रुग्णांसाठी स्वतंत्र यंत्र आहे का, हे मोकळेपणाने विचारा. हा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातही सात दिवस जिवंत राहू शकतो, त्यामुळे असे विचारण्यात संशय घेतल्यासारखे काही नाही.

तिसरी पायरी : दाता जिवंत असेल तर

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. तो ४ फेब्रुवारी १९९५ रोजी ज्या राज्यांत प्रथम लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि हिमाचल प्रदेशासोबत गोवा होता. या कायद्याने जवळचे नातेवाईक कोण ते ठरवून दिले आहे : आई-वडील, मुले, भावंडे, पती-पत्नी आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजी-आजोबा व नातवंडे. हिपॅटायटिस बीच्या दृष्टीने ही यादी पाहिली तर एक अडचण लगेच दिसते. हा विषाणू पसरण्याचा एक मोठा मार्ग म्हणजे प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाकडे, आणि दुसरा शरीरसंबंध. त्यामुळे रुग्ण स्वतः पॉझिटिव्ह असेल तर त्याची आई, सख्खी भावंडे आणि जोडीदार यांच्यातही संसर्ग असण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते, आणि दाता बनायला पुढे येतात तीही हीच माणसे. म्हणून दात्याची निवड पक्की होण्याच्या आधी, रक्तगट जुळवतानाच, इच्छुक असलेल्या प्रत्येकाच्या तिन्ही तपासण्या करून घ्याव्यात. सगळी तयारी झाल्यावर शेवटच्या आठवड्यात धाकट्या भावाचे अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह निघणे ही वैद्यकीय अडचण जितकी आहे, तितकीच घरातली.

त्या भावाने काही चूक केली असे नव्हे, हे घरच्यांना स्पष्ट सांगायला हवे. त्याला बहुधा जन्माच्या वेळी किंवा लहानपणी संसर्ग झाला आणि तो नकळत बराही झाला. केवळ जुना संसर्ग आहे म्हणून किडनी देण्याचा मार्ग बंद होत नाही. मात्र त्याचे एचबीव्ही डीएनए तपासावे लागते, यकृत सुस्थितीत आहे ना हे पाहावे लागते आणि दात्यालाही त्याच्या स्वतःच्या प्रकृतीबद्दल डॉक्टरांनी वेगळे बसवून सांगावे लागते. रुग्णासमोर आणि सासरच्या माणसांसमोर दात्याचा रिपोर्ट वाचून दाखवू नये. तो त्याचा आहे.

तपासणी आणि शस्त्रक्रिया यांत काही महिने गेले तर दात्याची तपासणी शस्त्रक्रियेच्या जवळच्या काळात पुन्हा करतात. मधल्या काळात टॅटू, दात काढणे, रक्त चढवणे, परगावी झालेली एखादी लहान शस्त्रक्रिया असे काही झाले असेल तर ते सांगावे. संसर्ग झाल्यावर एचबीएसएजी पॉझिटिव्ह यायला काही आठवडे लागतात; डीएनए शोधणारी नॅट तपासणी तो आंधळा काळ कमी करते, पण शून्यावर आणत नाही.

दाता मेंदूमृत असेल तर

येथे वेळ तासांत मोजायचा असतो आणि बहुतेक निर्णय तुमच्या नजरेआड होतात; बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील राज्य संस्था, म्हणजे सोट्टो, आणि मुंबईच्या केईएममधील विभागीय संस्था यांच्यामार्फत अवयवाचे वाटप होते. तरी एक मुद्दा जाणून असावा. अपघातातल्या दात्याला बाटल्यांमागून बाटल्या रक्त आणि सलाईन चढवलेले असते. त्यानंतर घेतलेला नमुना पातळ झालेला असतो आणि खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, तर चढवलेल्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे खोटा पॉझिटिव्हही. रुग्णालयात दाखल होतानाचा, रक्त चढवण्यापूर्वीचा नमुना उपलब्ध असेल तर तोच तपासावा. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकांनी पहिला नमुना टाकून न देता जपून ठेवणे, एवढ्या साध्या गोष्टीवर कधी कधी पुढचे सगळे अवलंबून असते.

प्रतीक्षायादीत नाव घालतानाच रुग्णाला विचारून ठेवायला हवे की अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह दात्याचा अवयव चालेल का. मध्यरात्री फोन आल्यावर हे पहिल्यांदा ऐकणारा माणूस घाबरून नाही म्हणतो आणि त्याच्यासाठी योग्य असलेली किडनी पुढच्याकडे जाते.

चौथी पायरी : जोडी जुळवणे

सगळ्यांत आधी अवयव बघायचा. विषाणू यकृतात राहतो. त्यामुळे जुना संसर्ग होऊन गेलेल्या दात्याचे यकृत आणि त्याच दात्याची किडनी यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह दात्याचे यकृत पूर्णपणे कोऱ्या रुग्णाला, कोणतेही संरक्षक औषध न देता बसवले तर सुमारे निम्म्या रुग्णांत नवा संसर्ग होत असल्याचे दिसले आहे. रुग्णाला स्वतःला जुना संसर्ग होऊन दोन्ही प्रतिपिंडे तयार झालेली असतील तर हे प्रमाण पुष्कळ खाली येते. म्हणून असे यकृत घेणाऱ्या रुग्णाला विषाणूरोधी गोळी सुरू करतात आणि ती बहुधा जन्मभर चालते. असे यकृत सर्वांत योग्य ठरते ते आधीच एचबीएसएजी पॉझिटिव्ह असलेल्या रुग्णाला, कारण त्याला गोळी तशीही कायमची घ्यायचीच असते. नातेवाइकांना हे प्रथम विचित्र वाटते; पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह देऊन दुखणे वाढेल असा त्यांचा समज असतो.

किडनीचे गणित सौम्य आहे. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह पण एचबीएसएजी निगेटिव्ह दात्याच्या किडनीतून प्रत्यक्ष संसर्ग होण्याचे प्रमाण अगदी कमी असते आणि रुग्णाचा अँटी-एचबीएस आकडा चांगला असेल तर ते आणखी घटते. लसीने संरक्षित झालेल्या रुग्णाला अशी किडनी सहसा गोळीशिवाय, केवळ नियमित तपासण्यांवर देता येते. कोऱ्या रुग्णाला देताना साधारण वर्षभरापर्यंत विषाणूरोधी गोळी देण्याची पद्धत आहे. दुसऱ्या पायरीतला तो आकडा येथे उपयोगी पडतो.

दाता एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर विषय गंभीर आहे. पुरेसे संरक्षण असलेल्या रुग्णाला, गोळी आणि गरजेप्रमाणे हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन देऊन अशी किडनी बसवल्याचा चांगला अनुभव काही मोठ्या केंद्रांकडे आहे, पण हा निर्णय तशा अनुभवी केंद्रातच, लेखी संमतीने आणि दुसरा पर्याय तपासून झाल्यावर व्हावा. कायद्याने दोन कुटुंबांतली अदलाबदल, म्हणजे स्वॅप, मान्य केलेली आहे. तिचाही विचार करायला सांगा.

पाचवी पायरी : रुग्णच पॉझिटिव्ह असेल तर

किडनीच्या रुग्णाबाबत पहिला प्रश्न यकृत किती खराब झाले आहे हा. फायब्रोस्कॅन, सोनोग्राफी आणि गरज वाटल्यास बायोप्सी करून ते ठरवतात. सिरोसिस, म्हणजे यकृतात व्रण साचून ते कडक होणे, बळावलेला असेल तर केवळ किडनी बसवून भागत नाही, यकृत आणि किडनी एकत्र बसवण्याचा विचार करावा लागतो. यकृत बऱ्या स्थितीत असेल तर प्रत्यारोपणापूर्वीच गोळी सुरू करून विषाणू ताब्यात आणतात. इंटरफेरॉनची इंजेक्शने येथे टाळतात, कारण त्यांनी प्रतिकारशक्ती चेतवली जाऊन नवी किडनी नाकारली जाण्याचा धोका वाढतो.

हिपॅटायटिस बीमुळे यकृत गेलेल्या रुग्णांची कथा वेगळी आणि आशादायक आहे. १९८० च्या दशकात नव्या यकृतात विषाणू पुन्हा येण्याचे प्रमाण इतके प्रचंड होते की अशा रुग्णांना प्रत्यारोपणच नाकारले जाई. नव्वदच्या दशकात आधी इम्युनोग्लोब्युलिन आणि मग लॅमिव्हुडिन हे विषाणूरोधी औषध आले आणि चित्र पालटले. आज जुने यकृत काढून नवे बसवेपर्यंतच्या टप्प्यात इम्युनोग्लोब्युलिन देतात आणि पुढे एन्टेकाव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही विषाणूरोधी गोळी चालू ठेवतात. शस्त्रक्रियेच्या वेळी व्हायरल लोड दिसेनासा असलेल्या, कमी धोक्याच्या रुग्णात इम्युनोग्लोब्युलिन थोडेच दिवस देऊन किंवा अजिबात न देता केवळ गोळीवर चालवतात. हे इंजेक्शन महाग असते. म्हणून ते किती दिवस लागेल, याचा अंदाज शस्त्रक्रियेच्या खर्चाच्या कागदावर वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

सहावी पायरी : गोळी

एन्टेकाव्हिर रिकाम्या पोटी घ्यायची असते : जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास. गोव्यातल्या घराचे वेळापत्रक घेतले तर हे वाटते तितके सोपे नाही. सकाळी चहा-पाव, अकराच्या सुमारास पेज, दुपारी शीत-कडी, पाचला पुन्हा चहा. त्यात टॅक्रोलिमसचे बारा तासांचे घड्याळ वेगळेच. माझा सल्ला असे की रात्रीचे जेवण आठपर्यंत आटोपावे आणि दहा-साडेदहाला, झोपताना, एन्टेकाव्हिर घ्यावी. बहुतेकांना हेच जमते.

मात्रेची गोष्ट त्याहून महत्त्वाची. एन्टेकाव्हिर किडनीवाटे बाहेर पडते. डायलिसिसवरच्या रुग्णाला ०.५ मिलिग्रॅमची गोळी सहसा आठवड्यातून एकदाच, तीही डायलिसिसनंतर देतात. नवी किडनी कामाला लागली की तीच गोळी रोज घ्यावी लागते. घरी मात्र जुनी चिठ्ठी फ्रिजवर चिकटलेली असते. आठवड्याला एक गोळी हे गणित प्रत्यारोपणानंतरही चालू राहिले तर विषाणूला रान मोकळे. उलट किडनीचे काम बिघडले तर मात्रा कमी करावी लागते. म्हणून डिस्चार्जच्या दिवशी हा प्रश्न नेमक्या शब्दांत विचारा : आजच्या क्रिएटिनीनला ही गोळी किती दिवसांनी एक?

टेनोफोव्हिर दोन रूपांत मिळते. ३०० मिलिग्रॅमचे जुने रूप स्वस्त आहे, पण किडनीला आणि हाडांना त्रास देऊ शकते, आणि टॅक्रोलिमसही किडनीला जाचक असल्याने दोहोंचा भार एकत्र पडतो. २५ मिलिग्रॅमचे नवे रूप, टेनोफोव्हिर अलाफेनामाइड, त्या मानाने सौम्य. लॅमिव्हुडिन आता बाजूला पडले आहे, कारण पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणू त्याला जुमानेनासा होतो. पूर्वी लॅमिव्हुडिन घेतले असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा. अशा रुग्णात एन्टेकाव्हिर कमी पडते आणि टेनोफोव्हिरची निवड करतात.

गोळी मनाने बंद करायची नाही. सत्तरी तालुक्यातल्या एका गृहस्थांनी पत्नीची किडनी घेतली, दोन वर्षे सगळे सुरळीत होते, आणि एके दिवशी वहिनी एकट्याच फाईल घेऊन आल्या. “सिस्टर, विषाणू दिसत नाही असा रिपोर्ट दोनदा आला, म्हणून ह्यांनी गोळी थांबवली. चार महिने झाले.” त्या गृहस्थांचे एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज आली की वाढणारा रक्तातला आकडा, तेव्हा सहाशेच्या वर होते. गोळी लगेच सुरू केली, ते वाचले, पण किडनीने मध्येच चांगलाच हिसका दिला. विषाणू दिसत नव्हता तो गोळी चालू होती म्हणून, हे त्यांना शस्त्रक्रियेच्या वेळी कोणीतरी सांगितले असेलच; बेशुद्धीची भीती, सुईचे दुखणे आणि बिलाची चिंता यांच्यात ते ऐकले गेले नाही. महत्त्वाची सूचना डिस्चार्जनंतरच्या दुसऱ्या भेटीत पुन्हा द्यावी, असे मला तेव्हापासून वाटते.

राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला असून त्यात ठरावीक सरकारी केंद्रांवर हिपॅटायटिस बीच्या तपासण्या आणि औषधे मोफत मिळतात. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर कोणत्या गोष्टी त्यात बसतात हे आधी विचारून घ्यावे. गोळ्यांचा साठा निदान पंधरा दिवसांचा शिल्लक असतानाच पुढचा आणायचा. चवथीच्या सुट्यांत आणि मुंबईच्या तपासणीच्या प्रवासात खंड पडतात, एरवी नाही.

सातवी पायरी : नंतरची नजर

पहिल्या वर्षी साधारण दर तीन महिन्यांनी एसजीपीटी, एचबीएसएजी आणि गरजेप्रमाणे एचबीव्ही डीएनए, पुढे तीन ते सहा महिन्यांनी, असा क्रम असतो. एसजीपीटी एकट्यावर विसंबू नये. विषाणू आधी वाढतो आणि यकृताची सूज मागाहून दिसते. ज्यांना जुना संसर्ग आहे पण गोळी चालू नाही, त्यांना या तपासण्या सर्वांत जास्त लागतात आणि तेच त्या सर्वांत आधी सोडून देतात.

काही प्रसंगी वेळापत्रक मोडून तपासणी करावी लागते. अवयव नाकारला जाण्याचा झटका येऊन स्टेरॉइडचा मोठा डोस द्यावा लागला, एटीजी किंवा रिटक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती जोरात दाबणारी इंजेक्शने दिली, तर विषाणू जागा होण्याचा धोका एकदम वाढतो. रक्तगट न जुळणाऱ्या किडनी प्रत्यारोपणात रिटक्सिमॅब अनेकदा वापरतात. अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह रुग्णाला ते देण्यापूर्वी गोळी सुरू करून शेवटच्या डोसनंतरही निदान वर्षभर चालू ठेवतात. संसर्ग चालू असलेल्या किंवा सिरोसिस असलेल्या रुग्णाची यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होते, व्हायरल लोड कितीही चांगला असला तरी.

फेणीचा प्रश्न मला प्रत्येक घरात विचारला गेला आहे, बहुधा रुग्णाची पत्नी आत गेल्यावर. उत्तर नाही असेच आहे; थोडीही नाही, सणालाही नाही. आणि कावीळ उतरवणारा झाडपाला, मग तो कितीही नावाजलेल्या माणसाकडचा असो, प्रत्यारोपणाच्या रुग्णाने घेऊ नये, कारण तो यकृताला इजा करू शकतो, टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वर-खाली करू शकतो आणि एसजीपीटी वाढले तर ते विषाणूमुळे की पाल्यामुळे हे कोणालाच सांगता येत नाही.

घरातली माणसे

रुग्ण किंवा दाता पॉझिटिव्ह निघाला की घरातल्या प्रत्येकाची तपासणी आणि जे कोरे असतील त्यांना लस. घरात बाळ येणार असेल तर जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस. वस्तरा, दात घासण्याचा ब्रश, नखे कापायचे यंत्र आणि साखर तपासण्याची सुई ज्याची त्याची वेगळी. ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, एका पंगतीत बसून जेवल्याने हा आजार होत नाही, आणि ज्या सुनेने सासऱ्याचा पेला वेगळ्या फळीवर ठेवला होता तिला मी हेच सांगितले. पुढच्या वेळी गेले तेव्हा पेला पुन्हा सगळ्यांच्या पेल्यांत होता आणि फ्रिजवर जुन्या चिठ्ठीच्या जागी नवी लागली होती : एन्टेकाव्हिर, रोज रात्री साडेदहा.